खलनायकाचे चेहरे

आमच्या मोहल्ल्यात वादाला विषय लागत नाही. चांद दिसला की नाही यावर होतो, मशिदीच्या पंख्यांवर होतो, आंब्याच्या कलमावर होतो, ग्रामपंचायतीच्या नळावर तर रोजच होतो. पण गेली चाळीसेक वर्षं आम्ही पाच-सहाजणांनी एक निराळाच वाद जिवंत ठेवला आहे. सर्वांत भीतिदायक सिनेमा कोणत्या दिग्दर्शकानं काढला आणि सर्वांत अस्सल खलनायक कोणी रंगवला, हा तो वाद. इशाची नमाज झाली की टेलरमामूंच्या दुकानात आम्ही जमतो. मामू आता शिवत नाहीत. मशीन मुलगा चालवतो आणि मामू बाकावर बसून काजं करतात. आमच्यात एक मास्तर आहेत, एक दुबईवाला आहे (परत येऊन वीस वर्षं झाली तरी नाव तेच), एक एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर आहे. अलीकडे मास्तरांची मुलगी चहा घेऊन येते आणि उंबऱ्यात उभी राहून आमच्या दीडपट बोलते.

सिनेमा पाहणं बरं की वाईट, हा प्रश्न आमच्या घरांतून सुटलेला नाही. सुटेल असंही दिसत नाही. वडीलधारे नको म्हणत राहिले आणि आम्ही पाहत राहिलो. पण ज्या गोष्टीवर माणूस चाळीस वर्षं तावातावानं बोलतो ती अगदीच फालतू नसते, असं आम्हाला वाटतं. म्हणून हे लिहितो आहोत.

सुरुवात व्हीसीआरनं झाली. ऐंशीच्या दशकात कोकणच्या खाडीकाठच्या गावांत आखाती देशांतून आलेल्या माणसाच्या सामानात तीन वस्तू हमखास असत : अत्तर, ब्लँकेट आणि व्हीसीआर. एका घरी मशीन आलं की सगळा मोहल्ला सतरंजी घेऊन तिथं हजर. पहिल्याच पावसाळ्यात आम्ही ‘पुराना मंदिर’ पाहिला. तुलसी आणि श्याम रामसे यांचा 1984चा. त्यातला सामरी पाहून कंडक्टर तीन रात्री अंगणात गेला नाही. ही गोष्ट तो आजही नाकारतो.

टेलरमामू रामसेंच्या बाजूचे. त्यांचं म्हणणं असं की भीती ही घरगुती चीज आहे. आपल्या ओळखीचा वाडा, आपल्याकडची विहीर, आपल्याकडचं दार करकरलं पाहिजे. रामसे हे मूळचं कराचीचं सिंधी कुटुंब. फाळणीत मुंबईत आलं. सात भाऊ, त्यांतला एक कॅमेरा सांभाळणार, एक आवाज, एक लेखन. 1972च्या ‘दो गज जमीन के नीचे’साठी सगळं बिऱ्हाड महाबळेश्वरला गेलं आणि घरातल्या बायकांनी युनिटचा स्वयंपाक केला. मामूंना याचं फार कौतुक. आणि सामरी झालेला नट अनिरुद्ध अगरवाल हा रुरकीला शिकलेला सिव्हिल इंजिनिअर होता. ‘‘पुलं बांधणारा माणूस,’’ मामू म्हणत, ‘‘पण लोकांनी त्याचा चेहरा बघितला आणि भूत करून टाकला. चेहऱ्याचं नशीब बघा कसं असतं!’’ तेव्हा आम्ही हसलो. पण ते वाक्य आमच्या वादात राहून गेलं.

दुबईवाल्याची पसंती वेगळी. तो इंग्रजी सिनेमाच्या कॅसेटी आणायचा. त्याच्या मते भयपटाचा उस्ताद एकच, जॉन कार्पेंटर, आणि सिनेमा एकच, 1978चा ‘हॅलोवीन’. सुमारे तीन लाख डॉलरांत आणि जेमतेम तीन आठवड्यांत काढलेला. संगीतही कार्पेंटरनं स्वतःच केलं. पियानोवरची ती धून दुबईवाला जिभेनं वाजवून दाखवतो. त्यातला खुनी मायकेल मायर्स पांढरा मुखवटा घालून हिंडतो. पैसा नसल्यामुळं बाजारात मिळणारा ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा मुखवटा आणला, भुवया काढल्या, डोळ्यांची भोकं मोठी केली आणि वर पांढरा रंग मारला. बस्स. जगातला एक सर्वांत भेसूर चेहरा तयार झाला. श्रेयनामावलीत मुखवट्यातल्या त्या माणसाला नावही दिलेलं नाही. ‘आकृती’ एवढंच लिहिलं आहे.

वाद इथंच पेटतो. हा आकृतीवाला माणूस खून का करतो? कार्पेंटर सांगत नाही. सिनेमातला डॉक्टरही, त्याच्याजवळ समजून घेण्यासारखं काही उरलेलंच नाही, अशा अर्थाचं बोलतो. 1981च्या दुसऱ्या भागात कारण दिलं : जिच्या मागे तो लागला आहे ती त्याची बहीण. दुबईवाला म्हणतो, तिथंच भीती मेली. कारण कळलं की भूत माणूस होतं. 2018 साली जो नवा भाग आला त्यात हे बहिणीचं नातं काढून टाकलं, तेव्हा दुबईवाल्यानं पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

मास्तरांना हे पटत नाही. त्यांचा माणूस जॉर्ज रोमेरो. त्याचा 1968चा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’. मेलेली माणसं उठतात आणि जिवंतांना खातात. आज अशा भुतांना सगळं जग ‘झाँबी’ म्हणतं. पण मास्तर आम्हाला दर खेपेला बजावतात की त्या सिनेमात हा शब्द नाही. त्यात रेडिओ-टीव्हीवरचे बातमीदार त्यांना ‘गूल’ म्हणतात. गूल! हा आपल्या आजींचा शब्द. वाळवंटात वाटसरूला भुलवणारा, मढी उकरणारा गूल. अरबीतून फारसीत, फारसीतून उर्दूत आणि अठराव्या शतकात इंग्रजीतही गेलेला. आमच्यातल्या ज्यांना मक्तबीत थोडी उर्दू मिळाली होती त्यांना हे ऐकून गंमतही वाटली आणि थोडं चमत्कारिकही. आपल्या दादीच्या गोष्टीतला गूल अमेरिकेत जाऊन एवढा मोठा झाला!

पण मास्तर तो सिनेमा श्रेष्ठ मानतात ते शेवटामुळं. सिनेमाचा नायक कृष्णवर्णीय आहे. ड्वेन जोन्स नावाच्या नटानं ते काम केलं. एका घरात कोंडलेल्या माणसांना तो रात्रभर धीर देतो, लढतो, आणि त्या घरात सकाळपर्यंत तोच एकटा जगतो. सकाळी बंदुका घेतलेल्या नागरिकांची तुकडी येते. खिडकीत कोणीतरी हललेलं दिसतं. तेही लांबून. गूलच असणार, असं समजून गोळी घालतात. गोष्ट संपली. मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून 4 एप्रिल 1968ला झाला. सिनेमाची प्रिंट गाडीतून न्यूयॉर्कला नेत असताना रोमेरोनं ती बातमी ऐकली. मास्तर म्हणतात, ‘‘गूलाची भीती दीड तासाची असते. पण आपल्याला कोणी गूल समजेल ही भीती जन्मभराची. रोमेरोनं ती दाखवली. तुमच्या कार्पेंटरनं दाखवली?’’

यावर दुबईवाला गप्प बसतो. पण पाचच मिनिटं.

खलनायकांचा वाद मागाहून सुरू झाला. त्याला आधार होता इंद्रजाल कॉमिक्सचा. मराठीत निघणारी ती रंगीत पुस्तकं आम्ही भाड्यानं आणून वाचत असू. वेताळ आणि मँड्रेक हे आमचे पहिले इंग्रज मित्र, तेही मराठी बोलणारे. पुढं मोगँबो आला. 1987च्या ‘मिस्टर इंडिया’तले अमरीश पुरी म्हणजे सरळ कॉमिकच्या पानातून उठून आलेले. मोगँबोला नक्की काय हवं आहे, हा प्रश्न आम्हाला पडलाच नाही. तो खूश झाला की आम्हीही खूश. नंतर केबल आली, बॅटमॅन आला आणि त्याच्याबरोबर जोकर आला. तेव्हापासून आमच्या दुकानात शांतता नाही.

जोकर 1940 सालचा, बॅटमॅनच्या पहिल्याच अंकातला. पडद्यावर त्याला किती नटांनी रंगवलं पहा. 1966च्या टीव्ही मालिकेत सीझर रोमेरो. त्यानं आपली मिशी काढायला साफ नकार दिला, मग मिशीवरच पांढरा रंग फासला. (हा रोमेरो आणि मास्तरांचा रोमेरो यांचं नातं नाही, हेही आम्हाला दर वर्षी कोणाला तरी सांगावं लागतं.) 1989 साली जॅक निकल्सन. 2008 साली हीथ लेजर. सिनेमा लागण्याआधीच तो वारला, आणि पुढच्या वर्षी ऑस्कर त्याच्या घरच्यांनी घेतलं. 2019 साली वाकीन फीनिक्स, ऑस्कर त्यालाही. कंडक्टर निकल्सनचा, दुबईवाला लेजरचा, मास्तरांची मुलगी फीनिक्सची.

लेजरचा जोकर आपल्या तोंडावरच्या जखमांची कहाणी दोनदा सांगतो आणि दोन्ही वेळा वेगळी सांगतो. म्हणजे कारण नाहीच. म्हणून दुबईवाल्याला तो प्रिय. तो त्याला मायकेल मायर्सचा भाऊ वाटतो. फीनिक्सच्या जोकरला मात्र सगळं आहे : आजारी आई, स्वतःचं दुखणं, बंद पडलेली सरकारी औषधं, रस्त्यात मारणारी पोरं, टीव्हीवर उडवलेली टर. मुलगी म्हणते, ‘‘माणूस असा कसा झाला हे कळल्यावर भीती जास्त वाटते, कमी नाही. कारण मग असे अजून कितीतरी होतील हे कळतं.’’ दुबईवाला म्हणतो, ‘‘मग प्रत्येक खुन्याची कैफियत ऐकत बसायची काय?’’ मुलगी म्हणते, ‘‘ऐकायला काय जातं? माफ करायला कोण सांगतंय?’’

या जोकरच्या चेहऱ्याचीही एक कथा आहे. त्याच्या जनकांपैकी एक, बॉब केन, सांगत असे की त्या कायम हसणाऱ्या तोंडामागे एका नटाचा फोटो होता. तो नट कॉनराड फाइट, जर्मन मूकपटांचा मोठा कलावंत. 1928च्या ‘द मॅन हू लाफ्स’ या सिनेमात त्यानं असं काम केलं होतं की लहानपणीच दुष्ट माणसांनी ज्याचं तोंड कापून कायमचं हसरं केलं तो पोरगा. पॉल लेनी या भयपटवाल्या दिग्दर्शकाचा सिनेमा, व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीवरचा. म्हणजे मूळचा तो चेहरा खलनायकाचा नव्हेच. ज्याच्यावर जुलूम झाला त्याचा तो चेहरा. कॉमिकवाल्यांनी उचलला आणि जुलूम करणाऱ्याला चिकटवला.

गंमत पुढंच आहे. फाइटची बायको ज्यू. 1933 साली हिटलर आल्यावर त्यानं जर्मनी सोडली. 1940 साली, म्हणजे जोकर ज्या वर्षी जन्मला त्याच वर्षी, ‘द थीफ ऑफ बगदाद’मध्ये तो खलनायक झाला : दुष्ट जादूगार वजीर जाफर. त्यातला चोर म्हणजे आपल्या म्हैसूरकडचा साबू. आता अलिफ लैला ज्यांनी वाचली असेल त्यांना ठाऊक आहे की हारून रशीदचा वजीर जाफर बर्मकी हा खलिफाबरोबर वेष पालटून रात्री बगदादच्या गल्ल्यांतून हिंडणारा शहाणा सोबती. सिनेमात त्याच्या नावाचा वजीर दुष्ट झाला. 1992च्या डिस्नेच्या ‘अल्लादीन’मध्येही तेच नाव आणि तोच दुष्टपणा. आज आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांना जाफर म्हटलं की सापाच्या तोंडाची काठी आठवते, हारूनची गोष्ट नाही.

टेलरमामू म्हणाले, ‘‘नावाचंही नशीब असतं म्हणायचं.’’

आणि मग गूल परत आला. 1971च्या एका बॅटमॅन अंकात डेनिस ओनील आणि नील अॅडम्स यांनी एक नवा खलनायक उभा केला. त्याचं नाव रास अल गूल. गूलाचं मस्तक. हे नाव त्यांच्या फार आधी अरबी खगोलशास्त्रज्ञांनी आकाशात ठेवून दिलेलं होतं. ययाती तारकासमूहातला तो तारा, ज्याला इंग्रजीत अल्गोल म्हणतात, तोच रास अल गूल. दर 2 दिवस 21 तासांनी त्याचं तेज उतरतं आणि परत चढतं. लोकांना वाटे सैतान डोळा मिचकावतो आहे. 1783 साली जॉन गुडरिक या ऐकू न येणाऱ्या इंग्रज तरुणानं सुचवलं की कोणीतरी दुसरा गोल त्याच्याआडून जात असेल. तसंच निघालं. सैतान वगैरे काही नाही, दोन तारे एकमेकांभोवती फिरतात, मंद तारा आड आला की उजेड कमी होतो.

2005च्या ‘बॅटमॅन बिगिन्स’मध्ये ही भूमिका लियम नीसन या आयरिश नटानं केली. नावाचा उच्चार ‘रास’ करायचा की कार्टून मालिकेतल्यासारखा ‘रेश’, यावर जगभरचे शौकीन भांडतात. अरबी येणारा माणूस त्यांना कोणी विचारत नाही, नाहीतर आमचा पेशइमाम अर्ध्या मिनिटात निकाल देईल.

2008 साली ‘आयर्न मॅन’ आला तेव्हा तर आमच्या मोहल्ल्याची चंगळच झाली. अफगाणिस्तानातल्या गुहेत नायकाला कोंडलेलं आहे. टोळीचा माणूस कॅमेऱ्यासमोर धमकी देतो. पडद्यावर खाली भाषांतर येत नाही. अमेरिकेतल्या प्रेक्षकाला ती नुसती गुरगुर वाटली असणार. पण तो चक्क उर्दू बोलत होता! तुम्ही ज्याला मारायला सांगितलं तो एवढा बडा माणूस आहे हे आम्हाला सांगितलं नव्हतं, आता भाव वाढला, अशा अर्थाचं. नायकाचा काटा काढायला घरच्याच माणसानं पैसे दिले आहेत, हे सिनेमातलं मोठं रहस्य. ते आमच्या टेलरमामूंना सुरुवातीलाच कळलं, आणि ते मोठ्यानं सर्वांना सांगूनही टाकलं. भाषा समजली की गुरगुर संपते आणि व्यवहार दिसतो.

त्या टोळीतल्या रझाचं काम करणारा फरान ताहिर कोण? इम्तियाज अली ताज यांचा नातू. ज्यांच्या ‘अनारकली’ नाटकावर पुढं अनारकलीचे सगळे सिनेमे उभे राहिले ते ताज. आजोबांनी सलीम आणि अनारकली लिहिली आणि नातवाला हॉलिवूडमध्ये गुहा मिळाली. त्याचा आम्ही राग धरत नाही, नटाला काम हवं असतं. पण मामूंनी बाकावर चापट मारली एवढं खरं.

2013च्या ‘आयर्न मॅन 3’वर तर शौकिनांत उभी फूट पडली. कॉमिकमधला जुना खलनायक मँडरिन येणार म्हणून सर्व वाट पाहत होते. दाढी, झगा, अंगठ्या, टीव्हीवरून धमक्या. आणि अर्ध्यावर कळतं की हा एक दारूडा, भित्रा, भाडोत्री नट आहे. कॅमेऱ्यापुढं बसवून त्याच्याकडून सोंग करून घेतलं. खरा खलनायक सुटाबुटातला अमेरिकन उद्योजक. ते सोंग रंगवलं बेन किंग्स्लीनं, 1982च्या गांधींनी. त्याचं मूळ नाव कृष्ण भानजी, वडील गुजराती खोजा. कॉमिकचे भक्त चिडले की आमच्या खलनायकाचा विदूषक केला. मास्तरांची मुलगी मात्र म्हणाली, ‘‘पहिल्यांदाच कोणीतरी दाखवलं की असे मुखवटे शिवले जातात. कोणीतरी कापड आणतं, कोणीतरी माप घेतं.’’ ‘‘माप घेतं’’ म्हणताना तिनं मामूंकडं पाहिलं.

त्याला कारण होतं. त्याच हिवाळ्यात आमच्यातल्या एकाचा धाकटा मुलगा, सहावीतला, शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या नाटुकल्यात निवडला गेला. शाळा कोणती ते सांगायचं कारण नाही. चांगली शाळा आहे, चांगले शिक्षक आहेत. नाटुकलं सैनिकांच्या शौर्यावरचं होतं आणि पोराला अतिरेक्याचं काम मिळालं. वर्गात आपल्यातली दोनच पोरं; दोघांनाही तेच काम. पोरगा खुशीत उड्या मारत आला, कारण त्याला बंदूक मिळणार होती आणि चार वाक्यं होती. झगा शिवायला मामूंच्या दुकानात आला.

आता चाळीस वर्षं खलनायकांवर वाद घालणारी माणसं समोर बसलेली. पोरानं विचारलं, ‘‘मोठ्यानं हसू का, मोगँबोसारखं?’’ कंडक्टर म्हणाला हस. दुबईवाला म्हणाला, अजिबात नको, डोळ्यांनी बघ फक्त. मामूंनी गळ्यात टेप टाकत विचारलं, ‘‘ह्याचं नाव काय रे बाळा?’’ पोरानं वही उघडली. वहीत लिहिलं होतं : अतिरेकी क्रमांक 2. ‘‘नाव नाही? बरं, ह्याला पाहिजे काय?’’ पोरानं परत वही पाहिली. ‘‘ते लिहिलं नाही. मी नुसता ओरडत येतो आणि मरतो.’’

कोणी काही बोललं नाही. सहावीतल्या पोराला सांगायचं काय? बाप म्हणाला, शाळेत जाऊन बाईंना भेटतो. मास्तर म्हणाले, भेटा, पण भांडू नका. बाईंच्या मनात काही नसणार, म्हणून तर त्यांना सुचलं. ते खरंच निघालं. बाईंनी ऐकून घेतलं, त्यांचा चेहरा उतरला, आणि काम बदलून देते म्हणाल्या. पण पोरगाच ऐकेना! सगळ्यांत चांगलं काम हेच आहे, जवानांना नुसतं रांगेत उभं राहायचं आहे. शेवटी तोडगा मुलीनं काढला. ती म्हणाली, ‘‘करू दे की. अमजदखानानं गब्बर केला म्हणून काय बिघडलं? फक्त पुढच्या वर्षी दुसरं काम मिळालं पाहिजे.’’ बाईंनी ते लक्षात ठेवलं. पुढच्या वर्षी पोरगा पोस्टमन झाला. तीनच वाक्यं होती. आम्ही सगळे जाऊन पुढच्या रांगेत बसलो.

तेव्हापासून आमच्या वादाला एक नवी कसोटी लागली. खलनायक असू नये असं आम्ही म्हणत नाही. खलनायकाशिवाय सिनेमा म्हणजे मिठाशिवाय खिमा. जोकर वाईट आहे, पण त्याला चार-पाच चेहरे मिळाले, चार-पाच कहाण्या मिळाल्या. म्हणून रस्त्यात सर्कशीतला विदूषक दिसला तर कोणी पोरांना आत ओढत नाही. ज्याला एकच चेहरा आणि एकच काम मिळतं त्याचा चेहराच मुखवटा होऊन बसतो. रोमेरोच्या सिनेमातली ती खिडकी मग कुठंही असू शकते.

आणि आता ज्यांच्यासाठी हा सगळा प्रपंच मांडला त्यांच्याकडं येतो.

दुबईवाल्याकडं ‘हॅलोवीन’ची कॅसेट होती तशी आणखी एक कॅसेट होती. ती मोहल्ल्यातल्या बायकांनीही पाहिली, डोक्यावर पदर घेऊन, रडत. ‘अर-रिसाला’, इंग्रजीत ‘द मेसेज’, 1976. इस्लामच्या सुरुवातीच्या काळाची गोष्ट. पैगंबर साहेबांचा चेहरा नाही, सावली नाही, आवाज नाही. एकच सिनेमा दोनदा चित्रित केलेला : इंग्रजीत हजरत हमजांचं काम अँथनी क्विनचं, अरबीत अब्दुल्ला गैस यांचं. दिग्दर्शक मुस्तफा अक्काद. आणि ‘हॅलोवीन’च्या सुरुवातीला पैसा लावणाऱ्याचं नाव झळकतं, तेही मुस्तफा अक्काद! एकाच नावाची दोन माणसं असतील असं आम्हाला बरीच वर्षं वाटत होतं. माणूस एकच होता.

अक्काद 1930 साली अलेप्पोत जन्मले. वडील कस्टममध्ये नोकरीला. मुलगा सिनेमा शिकायला अमेरिकेला निघाला तेव्हा बापानं एका खिशात 200 डॉलर आणि दुसऱ्या खिशात कुराण दिलं. ‘द मेसेज’ मोरोक्कोत सुरू झाला, तिथं थांबवावा लागला, लिबियात पुरा झाला. पुढं 1981 साली त्यांनी ‘लायन ऑफ द डेझर्ट’ काढला, उमर मुख्तार यांच्यावर. इटलीनं त्यावर बंदी घातली. तिथल्या टीव्हीवर तो 2009 साली दाखवला गेला. आणि ‘हॅलोवीन’चे 1978 ते 2002 या काळातले आठही भागांच्या निर्मितीत त्यांचा हात होता. ज्यानं आपल्या लोकांना जगापुढं चेहरा दिला, त्याचंच बिऱ्हाड चेहरा नसलेल्या माणसावर चाललं.

दोन वेळा अक्काद यांची गाठ खऱ्या भीतीशी पडली. मार्च 1977मध्ये वॉशिंग्टनला हमास अब्दुल खालिस नावाच्या माणसानं आपल्या साथीदारांसह तीन इमारती ताब्यात घेतल्या आणि 149 जणांना ओलीस ठेवलं. त्याच्या मागण्यांत एक अशी की ‘द मेसेज’ बंद करा. सिनेमा त्यानं पाहिलेला नव्हता. त्यात दोन जीव गेले. शेवटी इजिप्त, इराण आणि पाकिस्तानचे राजदूत त्याच्यासमोर जाऊन बसले आणि त्यांनी कुराणातल्या आयती वाचून त्याला समजावलं, तेव्हा ते प्रकरण मिटलं. मास्तर म्हणतात, ‘‘न पाहता ज्यानं बंदूक उचलली तो, आणि खिडकीत हललं म्हणून गोळी घालणारा तो, दोघं एकाच पेठेतले.’’

दुसरी गाठ शेवटची. नोव्हेंबर 2005. एका लग्नासाठी अक्काद जॉर्डनला, अम्मानला गेले होते. 9 तारखेला तीन हॉटेलांत आत्मघाती स्फोट झाले. इराकमधल्या अल कायदानं घडवलेले. सुमारे साठ माणसं गेली. अक्काद यांची मुलगी रीमा तिथंच गेली आणि दोन दिवसांनी, 11 तारखेला, अक्कादही गेले. सलाहुद्दीन अय्युबींवर मोठा सिनेमा काढायचं त्यांचं स्वप्न कागदावरच राहिलं. गूलाच्या मस्तकाचा नीसनवाला सिनेमा त्याच साली जून महिन्यात लागला होता.

हे कळलं त्या रात्री दुकानात मास्तरांनी जरा अडखळत विचारलं, अक्काद यांना मारणाऱ्यांची कहाणीही ऐकायची का? कारण त्यांची नावंही आमच्यासारखीच होती. मास्तरांच्या मुलीनं लगेच उत्तर दिलं नाही. मग म्हणाली, ‘‘ऐकायची. पण अक्काद यांची आधी. आपल्याकडं उलटं होतं. मारणाऱ्यांची नावं सगळ्यांना पाठ, आणि अक्काद कोण हे सांगायला तासभर लागतो.’’ मामूंनी हातातलं काज पुरं केलं, दोरा दातानं तोडला आणि म्हणाले, ‘‘इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. बापलेक दोघं गेली.’’ रामसे, कार्पेंटर, रोमेरो यांच्यावर त्या दिवशी कोणी बोललं नाही.

असो. अक्काद यांचा मुलगा मलिक आता ते काम चालवतो. 2018, 2021 आणि 2022 साली ‘हॅलोवीन’चे नवे भाग त्याच्या निर्मितीतून आले. शेवटच्या भागावर दुबईवाला भयंकर नाराज आहे. मायकेल मायर्सला पुरेसं काम दिलं नाही म्हणतो. मुलीला तोच भाग आवडला, कारण त्यात एका साध्या पोराला गाव हळूहळू खलनायक कसं बनवतं ते दाखवलं आहे. कंडक्टर दोघांनाही मानायला तयार नाही. त्याच्या मते सामरीनंतर कोणी झालंच नाही. निकाल लागायचा तेव्हा लागेल. वाचकांपैकी कोणाचं मत निराळं असेल तर इशानंतर दुकान उघडं असतं.